जुळी लेकरं आणि आईचं दूध : एकाला अंगावरचं, एकाला वरचं असं करू नका



माकणी, सास्तूर, लोहारा या भागातल्या वस्त्यांमध्ये आम्ही बाळंतिणींच्या घरी जातो. घरात जुळी जन्मली की पहिल्या दोन दिवसांतच एक वाक्य कानावर येते : "दोघांना कुठलं पुरतंय ओ ताई, एकाला अंगावर पाजू, एकाला वरचं देऊ." आजी म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी नवराही म्हणतो. कोणाच्याही मनात वाईट नसते. बाळंतीण अशक्त दिसते आणि दोन लेकरे एकदम रडतात, म्हणून काळजीपोटी घरचे हा निर्णय घेतात.

पण पुढे वरचे दूध कोणाच्या वाट्याला जाते? मुलगा-मुलगी असेल तर बहुतेक वेळा मुलीच्या. दोघी मुली किंवा दोघे मुलगे असतील तर जे लहान आहे, झोपाळू आहे, नीट ओढत नाही त्याच्या. म्हणजे ज्या लेकराला आईच्या दुधाची सगळ्यांत जास्त गरज आहे, नेमके त्याचेच दूध आपण तोडतो. बाटली, पातळ केलेले म्हशीचे दूध, मग जुलाब, मग दवाखाना. महिनाभरात एक लेकरू गुटगुटीत आणि दुसऱ्याच्या बरगड्या दिसतात. समता ही फक्त भाषणात बोलण्याची गोष्ट नाही. ती एकाच कुशीतून आलेल्या दोन लेकरांपासून सुरू होते.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर जुळ्यांच्या दुधाचा पाठ घेतला आहे. वर्षावासात किंवा पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात महिला जमतात तेव्हा तो मोठ्याने वाचून दाखवावा. साधारण ऐंशी ते शंभर बाळंतपणांत एक जुळ्यांचे असते. म्हणजे प्रत्येक गावात आज ना उद्या हा प्रसंग येणारच.

दूध पुरते का?

पुरते. ते कसे, हे आधी समजून घेऊ.

आईचे दूध हे माठात भरून ठेवलेले पाणी नाही, की एकाने प्यायले म्हणजे दुसऱ्याला उरत नाही. ते विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. जेवढा उपसा, तेवढा झरा. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दोन रस रक्तात सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते. ऑक्सिटोसिन ते दूध पुढे ढकलते, यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. स्तन रिकामा झाला की शरीर समजते, अजून हवे आहे. स्तन भरलेलाच राहिला की शरीर समजते, आता नको, आणि दूध कमी करते.

दोन्ही स्तन आपापला हिशेब वेगळा ठेवतात. दोन लेकरे ओढू लागली की शरीराला दोघांचा निरोप मिळतो. एका बाळाच्या आईला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येते. जुळ्यांना पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आयांचे दूध शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा ते एक लिटरपासून दोन लिटरपर्यंत भरले. स्तन लहान की मोठे, याचा दुधाशी संबंध नाही.

आता "एकाला अंगावर, एकाला वरचे" यातली मेख लक्षात येईल. एकाला वरचे सुरू केले की उपसा निम्मा होतो, मग दूधही निम्मे होते. मग घरचे म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत होतो ना, पुरत नाही." दूध कमी होते म्हणून वरचे द्यावे लागले, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा वरचे दिले म्हणून दूध कमी झालेले असते.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

पहिल्या दोन-तीन दिवसांत घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडाच असतो आणि थोडाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा एक चमचाभर मावते. म्हणून "दूध उतरलंच नाही" असे म्हणून मध, साखरपाणी, घुटी, गाईचे दूध काहीही देऊ नका. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. चीक म्हणजे बाळाची पहिली लस. तो पिळून टाकू नका.

साधे बाळंतपण असेल तर पहिल्या तासात दोन्ही लेकरांना आईच्या छातीवर द्यायला सिस्टरला सांगा. सिझर झाले असेल तरी आई शुद्धीवर असते. आडवे झोपून, कोणीतरी बाळ धरून पाजता येते. जुळ्यांत सिझरचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे सोबत राहणाऱ्या बाईने हे आधीच शिकून जावे.

लेकरे लवकर जन्मली, काचेच्या पेटीत ठेवली तर

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक दिवस भरण्याआधी जन्मतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असतात. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे एकत्र जमत नाही. त्याला नवजात शिशु अतिदक्षता कक्षात ठेवतात आणि नळीने दूध देतात. आई एका वॉर्डात, लेकरे दुसरीकडे. अशा वेळी बाळ ओढत नाही, म्हणून आईचा झरा आटू लागतो.

इथे एकच उपाय आहे. हाताने दूध काढायचे. बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरात, फार तर सहा तासांच्या आत सुरू करायचे आणि दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा काढायचे. त्यांतली एक वेळ मध्यरात्रीनंतरची हवीच, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते.

काढण्याची रीत अशी. हात साबणाने धुवा. उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी घ्या. स्तन हलक्या हाताने चोळा. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा आणि खाली बोटे ठेवा. आधी छातीकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबा, सोडा. दाबा, सोडा. बोंड ओढू नका, बोटे कातडीवर घासू नका. दुखले तर रीत चुकते आहे. तीन ते पाच मिनिटांनी बाजू बदला, बोटांची जागाही फिरवा. एकूण वीस ते तीस मिनिटे लागतात. पहिल्या दिवशी चार थेंब निघाले तरी ते चार थेंब सिस्टरकडे द्या. लाजू नका.

काढलेले दूध झाकून, सावलीत, थंड जागी चार तास टिकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली घर भट्टीसारखे तापते, तिथे एवढा वेळही धरू नका. काढले की लगेच पाजा. फ्रिजमध्ये ठेवलेले चोवीस तासांत संपवा. ते गॅसवर तापवू नका, वाटी कोमट पाण्यात ठेवा. पाजायला गोकर्ण किंवा वाटी-चमचा वापरा. बाटली नीट धुतली जात नाही आणि बाटलीची सवय लागली की बाळ अंगावर ओढायचा कंटाळा करते.

आईचे दूध पुरेसे निघत नसेल आणि लेकरू फार लहान असेल, तर काही मोठ्या रुग्णालयांत दुधाची पेढी असते. आशियातली पहिली अशी पेढी आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे दूध देणाऱ्या आयांची तपासणी होते आणि दूध ठरावीक तापमानाला तापवून निर्जंतुक करतात. गावात मात्र तपासणीशिवाय दुसऱ्या बाईचे दूध पाजू नका. काही आजार दुधातून जातात.

छातीला छाती

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी लहान बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ही पद्धत आहे. तिला कांगारू मातृसेवा म्हणतात. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे. बेडकासारखे पाय दुमडून आईच्या छातीवर उभे ठेवायचे, मान एका बाजूला, वरून लुगडे किंवा ओढणी बांधायची. बाळ उबदार राहते, वजन वाढते, आणि त्या स्पर्शानेच आईला पान्हा फुटतो.

जुळी असतील तर दोघे एकदम छातीवर मावतात. आई थकली तर एक बापाच्या छातीवर. हो, बापाच्याही. आजी-आजोबाही घेऊ शकतात, अंग धुतलेले आणि तब्येत बरी असली म्हणजे झाले. पुरुषाने लेकरू छातीला बांधले तर वस्ती हसेल ही भीती सोडा.

दोघांना पाजण्याची रीत

पहिले काही दिवस एका वेळी एकच पाजा. प्रत्येक लेकराला नीट धरायला शिकू द्या. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा, असे असेल तर पकड बरोबर. फक्त बोंड तोंडात असेल तर बोंडाला चिरा पडतात आणि दूधही येत नाही. तेव्हा करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

पकड जमली की दोघांना एकदम पाजायला सुरुवात करा. त्यासाठी महागडी उशी लागत नाही. भिंतीला टेकून बसा. दोन्ही बाजूंना वाकळीच्या किंवा गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या ठेवा. एक लेकरू उजव्या काखेखाली, एक डाव्या काखेखाली, पाय मागे, डोकी तुमच्या तळहातांवर. सिझरच्या टाक्यांवर भार येत नाही, म्हणून ही पद्धत चांगली. दुसरी पद्धत : एक मांडीवर आडवे, एक काखेखाली. पहिल्या आठवड्यात दुसरे लेकरू उचलून द्यायला जवळ एक माणूस हवेच.

एकदम पाजण्याने वेळ वाचतो आणि आणखी एक फायदा होतो. जोरात ओढणारे लेकरू पान्हा फोडते, तो पान्हा दोन्हीकडे येतो आणि अशक्त लेकराला कमी कष्टात दूध मिळते.

बाजू बदलत राहा. ज्याने या वेळी उजवीकडे प्यायले, त्याने पुढच्या वेळी डावीकडे. एक बाजू एकाची अशी वाटणी करू नका. अशक्त लेकराच्या बाजूचा झरा मग अशक्तच राहतो.

गोंधळ होऊ नये म्हणून दोन रंगांच्या टोप्या ठेवा आणि भिंतीवर कागद लावा. दोन रकाने करा. कोणी केव्हा प्यायले, किती वेळा शू, किती वेळा शी. आईला लिहिणे जमत नसेल तर शाळेत जाणारी पोरगी लिहील.

न रडणारे लेकरू शहाणे नसते

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा लिहितो. "हे बारकं लई गुणी आहे, रडतच नाही," असे घरोघर ऐकू येते. कमी वजनाचे लेकरू भुकेने झोपते. रडायलाही ताकद लागते. जे रडते त्याला आधी दूध मिळते, जे गप्प पडते ते मागे राहते. वस्तीचेही असेच असते, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून लहान लेकराला दर दोन-तीन तासांनी उठवा. कपडे सैल करा, तळपाय चोळा, छातीला लावा. चोवीस तासांत प्रत्येकाचे आठ ते बारा वेळा पिणे झाले पाहिजे.

पुरते आहे हे कसे ओळखावे?

रडण्यावरून नाही. पाचव्या दिवसानंतर प्रत्येक लेकराने दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू केली आणि शी पिवळी झाली, तर दूध पोटात जाते आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यावे. पुढे दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढावे. दोघांचे वजन वेगवेगळे करा आणि वेगवेगळे लिहा. एकाचे वाढले म्हणून दुसऱ्याचेही वाढले असे नसते.

साधारण तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात लेकरे अचानक तासातासाला मागतात. घरचे घाबरून डबा आणायला धावतात. ते दिवस वाढीचे असतात. दोन-तीन दिवस मागतील तेवढे पाजा, झरा वाढतो.

दूध आटले असेल तर

आटलेला झरा पुन्हा वाहू शकतो. बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा छातीला लावा, रात्रीही. ते कंटाळून सोडत असेल तर ते ओढत असताना काढलेले दूध चमच्याने स्तनावरून थेंब थेंब सोडा, म्हणजे ते बोंडापाशी त्याच्या तोंडात जाईल. त्याला दूध मिळते म्हणून ते ओढते, ते ओढते म्हणून झरा वाढतो. काही दिवस ते दोन आठवडे धीर धरावा लागतो. पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटे हाताने काढा.

अळीवाची खीर, डिंकाचा लाडू, मेथी, शेपू, शेंगदाणे खायला हरकत नाही. ते पौष्टिक आहेत. पण ते खाऊन बाळाला लावलेच नाही तर दूध येणार नाही. दूध वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नका आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

वरच्या दुधाची खरोखर गरज असते असेही प्रसंग येतात : साखर उतरली, शू होत नाही, वजन वाढतच नाही, आई अतिदक्षता कक्षात आहे. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले जरूर द्या, त्यात आईचा कमीपणा नाही. पण डब्यावर लिहिलेल्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने. काटकसर म्हणून पातळ करू नका. आणि छातीला लावणे थांबवू नका. १९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कोणी डबा हातात ठेवला तर विचारा.

सहा महिन्यांपर्यंत पाणीही नको, एप्रिल-मेच्या उन्हातही नको. आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. पाणी आईला द्या.

आईचे ताट

एका लेकराला पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. दोघांसाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी दोन वेळचे खाणे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, जमेल तेव्हा मटण-मासळी, शेंगदाणा-गूळ. "बाळंतिणीला हे वातड, ते थंड" म्हणून ताट अर्धे करू नका. ती सगळ्यांच्या शेवटी नाही, सगळ्यांच्या आधी जेवली पाहिजे. पाजायला बसली की हाताशी पाण्याचा तांब्या हवा. बाळंतपणानंतर सहा महिने रक्तवाढीच्या गोळ्या आणि सोबत कॅल्शियम चुकवू नये. अंगणवाडीतून स्तनदा मातेचा आहार मिळतो, तो तिच्याच पोटात जाऊ द्या.

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. महाप्रजापती गौतमीने त्याला आपले दूध पाजून वाढवले, हे पुढे आनंदाने भगवंतांना आठवण करून दिल्याचे पाली साहित्यात आहे. परंपरा सांगते की त्यासाठी तिने आपल्या तान्ह्या नंदाला दाईकडे सोपवले. त्या घरात दाई होत्या. आपल्या वस्तीत दाई नाहीत, पण सासू, जाऊ, नणंद, शेजारीण आहेत. जुळ्यांच्या आईने तीन महिने फक्त दोन कामे करावीत : पाजणे आणि झोपणे. धुणे, पाणी, भाकरी इतरांनी वाटून घ्यावी. महिला मंडळाने पाळ्या लावाव्यात. रोज एका घरातून एक वेळचा डबा, एवढे तरी आपल्याला जमते.

हक्काचे काय?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. स्वतः बाबासाहेब आणि रमाईंनी पाचांपैकी चार लेकरे गमावली होती. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या आपल्या बाईला ती नाही. ती मागणी आपल्याला लावून धरायची आहे. तोवर जे आहे ते तरी पदरात पाडून घ्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, जेवण, ने-आण आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. १०२ आणि १०८ या गाड्यांना पैसे द्यायचे नसतात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ तपासायचे असते. दोघांचेही वजन करायला सांगा. मातृवंदना योजनेचा फॉर्म अंगणवाडीत किंवा माकणीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. धाराशिव-लातूरला तपासणीला जाताना एस. टी. स्थानकातला हिरकणी कक्ष मागा. बंद असेल तर उघडायला लावा.

लगेच दवाखाना गाठा

लेकरू दूध ओढत नाही, सुस्त पडले, अंग गार किंवा तापलेले, श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त, छाती आत ओढली जाते, झटके, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीतून पू, दिवसभर शू नाही : यांतले एकही दिसले तर नजर उतरवत बसू नका. दुसरे लेकरू ठीक असले तरी आईसोबत दोघांना न्या, पाजणे तुटायला नको.

आईला ताप, जास्त रक्तस्राव, स्तनात लाल दुखरी गाठ असेल तरी दवाखाना. गाठ असली तरी पाजणे चालू ठेवा, दूध तुंबले तर दुखणे वाढते. आई सतत रडते, झोप येत नाही, लेकरांकडे बघवत नाही म्हणते, तर तिला "नाटकं" म्हणू नका. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य क्रमांकावर मोफत बोलता येते.

ज्या घरात जुळी येणार आहेत, त्या घरी हे पान आधीच पोचवा. सातव्या महिन्यात सासूला, नवऱ्याला, आईला एकत्र बसवून वाचा. कारण "पुरत नाही" हा निर्णय बहुतेक वेळा बाळंतीण घेतच नाही, तिच्या उशाशी बसलेली माणसे घेतात.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.